काळी कुंडीत नको

ज्या काळ्या जमिनीने खानदेशाला कापूस दिला, केळी दिली, आणि सतराव्या शतकात सुरतेच्या इंग्रज व्यापाऱ्यांना धरणगावच्या कसब्यात वखार घालण्याइतका मोह पाडला, तीच जमीन घमेलेभर उचलून घरातल्या कुंडीत घातली की आपल्या त्याच प्रसिद्ध गुणांमुळे झाडाच्या मुळावर उठते, हे विधान काळीच्या अभिमानावर पोसलेल्या धरणगावकराला थोडे कडू लागण्याचा संभव आहे. परंतु स्नेक प्लांट या नावाने हल्ली ओट्याओट्यावर, दवाखान्यांच्या पायऱ्यांवर आणि पतपेढ्यांच्या दारांशी दिसू लागलेल्या त्या उभ्या, पट्टेदार, तलवारीसारख्या पानांच्या वनस्पतीचे या भागात जे अकाली मृत्यू होतात, त्यांची नीट चौकशी केली असता बहुतेक प्रकरणांत आरोपी दोनच निघतात: कुंडीतील काळी माती आणि मालकाचे अतोनात प्रेम. दुर्लक्षाने हे झाड क्वचितच मरते.

काळी जमीन ही आपल्या काळ्या पाषाणाच्या, म्हणजे बसाल्टाच्या, झिजेतून निर्माण झालेली. तिच्यात चिकणमातीचे प्रमाण पुष्कळ असते, आणि ती चिकणमाती मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या अशा खनिजाची असते की ज्याच्या सूक्ष्म थरांमध्ये पाणी शिरले म्हणजे ते फुगते आणि पाणी सुटले म्हणजे आकसते. वैशाखात शेतातल्या भेगांत हात घातला तर कोपरापर्यंत जातो, आणि मृगाच्या पहिल्या चांगल्या सरींनंतर त्याच भेगा मिटून जमीन पायाला चिकटू लागते, हा अनुभव खानदेशात कोणाला सांगावयास नको. शेतात या फुगण्या-आकसण्याचा उपकारच होतो. जमीन स्वतःच स्वतःला उलटीपालटी करते आणि खाली हातभर-दोन हात खोलवर ओल धरून ठेवते. कुंडीत मात्र खोली वीतभर, आणि पाण्याला जाण्यास वाट एक भोक. कुंडीतील काळी वाळली की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते. मग वरून ओतलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली उतरते, भोकातून बाहेर येते, आणि मालकाची समजूत होते की निचरा उत्तम झाला. वास्तविक मधला गोळा कोरडाच असतो. तो एकदाचा भिजला, की मग आठवडा आठवडा वाळत नाही, त्यातली हवा कोंडते, आणि मुळे कुजू लागतात. तहान आणि बुडणे या दोन्ही आपत्ती एकाच कुंडीत, एकाच महिन्यात घडवून आणण्याची ही करामत दुसऱ्या मातीला सहसा साधत नाही.

येथेच एका सार्वत्रिक गैरसमजाची वासलात लावून टाकतो. कुंडीच्या तळाशी खडीचा थर दिला म्हणजे निचरा सुधारतो, असे सांगण्याचा शिरस्ता पडला आहे. बारीक मातीतले पाणी तिच्या कणांच्या ओढीने धरलेले असते. खाली मोठ्या पोकळ्यांची खडी आली की ते पाणी, वरची माती पुरती भरून गेल्याशिवाय, त्या पोकळ्यांत उतरावयास राजी होत नाही. परिणामी चिखलाचा जो पट्टा कुंडीच्या तळाशी राहावयाचा, तो खडीच्या उंचीइतका वर सरकतो, आणि नेमका मुळांच्या मुक्कामी येऊन बसतो. भोकावर एक खापरी उपडी ठेवावी, माती वाहून जाऊ नये इतकाच तिचा हेतू. बाकी सुधारणा करावयाची ती संपूर्ण मिश्रणात करावी.

आता हे झाड मुळात कोठले, हे पाहिले म्हणजे त्याच्या आवडीनिवडीचा उलगडा होतो. आपल्या घरांतील पट्टेदार जात पश्चिम आणि मध्य आफ्रिकेची, नायजेरियापासून कांगोपर्यंतच्या प्रदेशातली. तिला शास्त्रीय नाव मात्र मिळाले ते आपल्याच देशात: कलकत्त्याजवळच्या शिबपूर येथील सरकारी वनस्पती उद्यानाचे प्रमुख डेव्हिड प्रेन यांनी १९०३ साली बंगालच्या वनस्पतींवरील आपल्या ग्रंथात तिची ‘सॅन्सेव्हिएरिया ट्रायफॅसिएटा’ अशी नोंद केली. २०१७ साली तिची दप्तरी बदली ‘ड्रसीना’ या वंशात झाली. रोपवाटिकांनी त्या हुकमाची अंमलबजावणी अजून मनावर घेतलेली नाही, आणि घरमालकाचेही त्यावाचून काही अडत नाही. हिची एक बहीण मात्र अस्सल भारतीय आहे. पूर्व किनाऱ्याकडे आढळणारी ही जात विल्यम रॉक्सबर्ग या वनस्पतिज्ञाच्या नावाने ओळखली जाते. त्याने तिच्या पानांतील पांढऱ्या, चिवट तंतूंची परीक्षा केली होती, आणि इंग्रजांनी या साऱ्या वंशालाच धनुष्याच्या दोरीचा ताग असे नाव दिले. मनुस्मृतीत क्षत्रिय बटूची मेखला मूर्वेच्या दोरीची सांगितली आहे; ती मूर्वा म्हणून पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे पुष्कळदा हीच वनस्पती दाखवली जाते, तर आपल्याकडचे वैद्य मोरवेलीकडे बोट दाखवतात. हा वाद वैद्यांनीच मिटवावा. आपल्या कामाची गोष्ट एवढीच, की जिच्या पानांत दोरखंडाची ताकद आहे आणि जमिनीखाली पाणी साठवणारा जाडजूड कंद आहे, ती वनस्पती रोज सायंकाळी तांब्याभर पाण्याची वाट पाहत बसलेली नसते.

पाण्याच्या या काटकसरीमागे एक विलक्षण यंत्रणा आहे, आणि तिचा एक आरंभीचा सुगावा लागला तो भारतातल्या एका बागेत, बेंजामिन हाइन या ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीतील वनस्पतिज्ञाला. मद्रास इलाख्यात राहणाऱ्या या गृहस्थाने पानफुटीचे पान सकाळी चावून पाहिले तेव्हा ते चुक्याइतके आंबट लागले. दुपारी त्याच झाडाचे पान चावले तेव्हा त्याला काही चवच नव्हती, आणि संध्याकाळकडे ते किंचित कडवट झाले. हे निरीक्षण त्याने पत्राने लंडनच्या लिनीयन सोसायटीस कळविले आणि १८१५ साली ते छापून आले. त्याचा अर्थ पूर्णपणे उलगडण्यास विसावे शतक उजाडावे लागले: अशा वनस्पती दिवसा, उन्हाच्या तावात, पानांची रंध्रे मिटून घेतात, म्हणजे पाणी उडून जात नाही, रात्रीच्या गारव्यात ती उघडून हवेतील कर्बवायू आत घेतात आणि त्याचे आम्ल करून साठवतात, आणि दिवस उगवला की बंद दारांआड त्या साठ्यातून आपले अन्न शिजवतात. स्नेक प्लांट याच पंथाचा. चव घेऊन खात्री करावयाची असेल त्याने पानफुटीवरच करावी, कारण स्नेक प्लांटच्या पानात सॅपोनिन नावाची द्रव्ये असतात आणि ती तोंडाला व पोटाला त्रास देतात.

याच यंत्रणेच्या अर्धवट माहितीतून एक लोकप्रिय समजूत निघाली आहे, की हे झाड रात्री प्राणवायू सोडते, सबब ते निजण्याच्या खोलीत ठेवावे. रात्री ते कर्बवायू आत घेते हे खरे. परंतु प्राणवायू निर्माण होण्यास प्रकाश लागतो, आणि प्रकाश दिवसाच असतो. हवा शुद्ध करण्याची जी कीर्ती आहे, तिचे मूळ १९८९ सालच्या अमेरिकी अवकाश संस्थेच्या प्रयोगांत आहे. ते प्रयोग लहानशा, हवाबंद पेटाऱ्यांत केलेले होते. पुढे अशा अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला तेव्हा असे दिसून आले, की साध्या घरात खिडकीतून येणाऱ्या हवेची बरोबरी करावयाची तर दर चौरस मीटरला निदान दहा झाडे, आणि कदाचित शेकड्यांनी, ठेवावी लागतील. म्हणजे माणसांना ओट्यावर निजावे लागेल. झाड सुंदर आहे, कणखर आहे, आणि त्याची पाने पुसली की डोळ्यांना बरे वाटते. एवढ्यावर त्यास घरात ठेवून घेण्यास माझी हरकत नाही.

कुंडी बदलण्याची वेळ झाली हे झाड स्वतःच कळवते. प्लॅस्टिकच्या कुंडीचे पोट एका बाजूस फुगते, कधी उभी चीर जाते. मातीच्या कुंडीच्या भोकातून कंदाचे पांढुरके टोक बाहेर डोकावते. पाणी ओतले की आत शिरण्याऐवजी वर तरंगत राहते. दोन-तीन वर्षांतून एकदा हे होते, आणि तोवर त्यास गर्दीत राहू द्यावे, कारण दाटीवाटीचा या जातीला कंटाळा नसतो.

काम कधी करावे, याविषयी माझे मत शेजारीपाजारी चालत आलेल्या वहिवाटीविरुद्ध आहे. आपल्याकडे कोणतेही रोप लावावयाचे म्हटले की पावसाळ्याकडे बोट दाखविले जाते. या झाडाची विभागणी म्हणजे मांसल कंदावर सुरी चालवणे. ती जखम कोरडी होऊन तिच्यावर खपली धरली पाहिजे, आणि आषाढ-श्रावणाच्या दमट हवेत खपलीऐवजी बुरशी आधी धरते. पौषात झाड गारठून स्वस्थ बसलेले असते, तेव्हा त्यास डिवचण्यात अर्थ नाही. उरतो तो माघाचा उत्तरार्ध आणि फाल्गुन. थंडी उतरलेली असते, हवा खडखडीत असते, आणि पुढे वाढीचे महिने असतात. आखाजीच्या आत हे काम उरकावे, कारण त्यानंतर पारा पंचेचाळीस अंशांकडे झेपावतो आणि नुकत्याच हलविलेल्या मुळांना तो तडाखा सोसवत नाही. ज्यांचा फाल्गुन हुकला त्यांनी दसऱ्यानंतरचे पंधरा-वीस दिवस धरावेत. तेही वाईट नाहीत.

मिश्रणाची तजवीज आधी करून ठेवावी. शहरांतील पुस्तके परलाइट, प्युमिस इत्यादी विकत घ्यावयास सांगतात. खानदेशात त्यांचे काम मुरूम उत्तम करतो, आणि तो बांधकामाच्या ठिकाणी मागितला तर घमेलेभर कोणी नाही म्हणत नाही. मुरूम दोन चाळण्यांनी चाळावा. ज्वारीच्या दाण्यापेक्षा बारीक ते सारे टाकून द्यावे, हरभऱ्यापेक्षा मोठे तेही बाजूस काढावे, आणि मधला भाग पाण्याने धुऊन त्याची पिवळी धूळ घालवावी. मुरूम न मिळाल्यास वीटभट्टीवरच्या भाजक्या तुकड्यांचा चुरा त्याच मापाने घ्यावा. असे दोन वाटे, एक वाटा नदीकाठची पोयट्याची माती, आणि एक वाटा चांगले मुरलेले शेणखत: मूठभर ओले मिश्रण आवळून सोडले असता त्याचा लाडू न होता ते ढासळले, की जमले समजावे. गिरणा नदीची वाळू घ्यावयाची तर जाडच घ्यावी. बारीक वाळू चिकणमातीत मिसळली म्हणजे तिचा जवळजवळ गारा होतो.

विभागणीच्या आधी आठवडाभर पाणी बंद ठेवावे. कुंडी आडवी करून, कडेने बोथट पाते फिरवून, पानांच्या बुंध्यांना एकत्र धरून झाड बाहेर काढावे. एकेक पान धरून ओढले तर ते हातात येते आणि झाड कुंडीतच राहते. कुंडी अगदीच सोडत नसेल तर ती फोडण्यास मागेपुढे पाहू नये, झाड तिच्यापेक्षा मोलाचे आहे. माती हातांनी झटकून, काडीने उकरून मुळे मोकळी केली की खरे दर्शन घडते: बोटाइतके जाड, नारिंगीकडे झुकणारे, आडवे धावणारे कंद, त्यांवर सुक्या पापुद्र्यासारखे खवले, त्यांच्या टोकांशी उभारलेले पानांचे झुबके, आणि कोठे कोठे अजून पान न फुटलेले, पांढुरके, अणकुचीदार कोंब. ते कोंब म्हणजे येत्या वर्षाची पाने; ते मोडू नयेत. मऊ, काळपट, दाबल्यास पाणी सुटणारा, कुबट वासाचा भाग दिसला तर तो निर्दयपणे कापून, निरोगी पिवळा गाभा लागेपर्यंत मागे यावे.

यापुढचे काम केळीच्या मुलुखातील माणसास कोणी शिकवावयास नको. केळीच्या खुंटाभोवती उठलेले मुनवे कंदासह खणून काढावयाचे, त्यांतले रुंद पानांचे दुबळे टाकून तलवारीसारख्या अरुंद पानांचे जोमदार निवडावयाचे, मुळे छाटून कंद लावावयाचे, हे काम ऊतिसंवर्धित रोपे येण्यापूर्वी या मुलुखातल्या प्रत्येक बागाईतदाराने हातांनी केलेले आहे. येथेही तोच न्याय: प्रत्येक वाट्यास कंदाचा चांगला तुकडा, थोडी मुळे आणि दोन-तीन पानांचा निदान एक झुबका आला पाहिजे. सुरी स्पिरिटने पुसलेली असावी, आणि काप एकाच दमात घ्यावा. घासून घासून कापलेली जखम उशिरा भरते. कापलेल्या तोंडांवर लाकडाची राख अगर गंधकाची भुकटी लावावी, आणि तुकडे सावलीत, वर्तमानपत्रावर, दोन दिवस पडू द्यावेत. हा दोन दिवसांचा विश्राम पुष्कळांना जिवावर येतो. मुळे उघडी पाहून त्यांचा हात पाण्याकडे वळतो. वळू देऊ नये.

नवी कुंडी मुळांच्या गोळ्यापेक्षा दोन बोटेच रुंद असावी, मातीची असल्यास फारच उत्तम, कारण तिच्या अंगातूनही ओल उडते. कंद जेमतेम झाकला जाईल आणि पानांचा बुंधा मातीच्या पातळीशी राहील इतकेच खोल लावावे. झाड उभे राहावे म्हणून ते खोल गाडण्याचा मोह होतो; त्यापेक्षा दोन कामट्या रोवून सुतळीने सैल बांधावे, दोन-तीन महिन्यांत मुळे पकड घेतात आणि कामट्या काढता येतात. लावल्यावर पाच-सहा दिवस पाणी घालू नये. मग एकदा भोकातून वाहीपर्यंत घालावे, बशीत साचलेले फेकून द्यावे, आणि पुन्हा विसरून जावे.

पानाच्या तुकड्यांपासूनही रोपे होतात. पान आडवे कापून वीतभराहून लहान तुकडे करावेत, दोन दिवस वाळवावेत, आणि ज्या टोकाने ते झाडाशी होते तेच टोक खाली ठेवून जाड वाळूत रोवावेत. उलटा लावलेला तुकडा मुळे धरत नाही, म्हणून कापतानाच खालच्या टोकास तिरपा काप देण्याची युक्ती चांगली. मुळे यावयास महिना-दीड महिना, आणि कोंब वर यावयास आणखी कित्येक महिने लागतात. फाल्गुनात लावलेल्या तुकड्याने कानबाईच्या सणापर्यंत तोंड दाखविले तर ते भाग्य समजावे. एक गोष्ट मात्र आधी ठाऊक असावी. ज्या जातीच्या पानांना पिवळी किनार असते, लॉरेंट या बेल्जियन वनस्पतिज्ञाच्या नावाची, तिच्या पानाच्या तुकड्यापासून उगवलेले रोप बिनकिनारीचे, साधे हिरवे निघते. त्या पानाच्या कडेचे पेशींचे थर हरितद्रव्याविना असतात आणि गाभ्याचे थर हिरवे असतात. दोन भिन्न घराण्यांच्या पेशी एकाच पानात शेजारी नांदतात. तुकड्यातून फुटणारा नवा कोंब मात्र हिरव्या पेशींपासून जन्मतो, त्यामुळे किनारीचा वारसा तेथेच खुंटतो. कंदाच्या डोळ्यात दोन्ही घराणी हजर असतात. पिवळी किनार हवी असेल त्याने पानाची सुरी म्यान करून कंदच वाटावा.

पाण्याचे वेळापत्रक कोणी मागितले तर मी देत नाही. बांबूची कोरडी काडी कुंडीच्या तळापर्यंत खुपसून पाच मिनिटांनी काढावी. तिच्यावर ओलसर डाग किंवा माती असेल तर आज पाणी नाही. ढोबळमानाने उन्हाळ्यात दहा-बारा दिवसांनी, थंडीत तीन-चार आठवड्यांनी, आणि पावसाळ्यात हवा पाहून. खानदेशातील अनेक गावांत नळाला रोज पाणी येत नाही. तेथे या झाडाइतका समंजस पाहुणा दुसरा नाही, आणि पाणी येण्याच्या दिवशी साऱ्या घराबरोबर यालाही बादलीभर पाजण्याची जी प्रथा आहे, ती तेवढी मोडावी. विंधन विहिरीच्या जड पाण्याने मातीवर आणि कुंडीच्या अंगावर क्षारांचा पांढरा थर चढतो. वरची दोन बोटे माती वर्षातून एकदा खरडून बदलावी, आणि पावसाचे धो-धो पाणी एकदा कुंडीतून आरपार जाऊ द्यावे.

पान सुरकुतले म्हणजे झाड तहानलेले आहे, हा निष्कर्ष घाईचा. मुळे कुजली तरीही पाने सुरकुततात, कारण पाणी असून ते ओढणारे कोणी उरलेले नसते. म्हणून आधी बुंधा चिमटीत धरून पाहावा: घट्ट असेल तर पाणी घालावे, मऊ लागला तर झाड बाहेर काढून वर सांगितल्याप्रमाणे सुरी चालवावी.

जागेविषयी थोडे. धाब्याच्या जुन्या घरांतील अंधाऱ्या, गार खोलीत हे झाड जगते, पण वाढत नाही. ते सोसते म्हणून त्यास तेच आवडते असे मानू नये. पूर्वेकडचा ओटा, जेथे सकाळचे कोवळे ऊन तास-दोन तास पडते, ही त्याची उत्तम जागा. चैत्र-वैशाखातील पश्चिमेचे ऊन पानांवर करडे, कोरडे चट्टे पाडते आणि ते भरून येत नाहीत. उलट पौषात, पारा दहा अंशांखाली घसरतो अशा रात्री, गच्चीवर राहिलेल्या झाडाच्या पानांवर पाणथळ डाग उमटतात. त्या दिवसांत त्यास आत घ्यावे आणि पाणी जवळजवळ बंदच करावे. पानांच्या बेचक्यांत कापसासारखी पांढरी पुंजकी दिसली तर तो पिठ्या ढेकूण. कपाशीच्या शेतकऱ्याचा तो जुना परिचित. स्पिरिटमध्ये बुडविलेल्या बोळ्याने ती पुंजकी पुसावीत आणि आठ-आठ दिवसांनी पुन्हा पाहावे, एकदा पुसून तो जात नाही. शेळी, वासरू, मांजर यांच्या तोंडाला येणार नाही अशा उंचीवर कुंडी ठेवावी. पान चघळल्यास लाळ गळते, ओकारी आणि जुलाब होतात.

क्वचित, पुष्कळ वर्षे एकाच कुंडीत दाटीने राहिलेल्या झाडाला उन्हाळ्यात एखादा दांडा येतो आणि त्यावर हिरवट पांढरी फुले संध्याकाळनंतर उमलून गोड वास देतात. ज्या झुबक्याच्या मधून दांडा निघाला, त्यास पुढे नवी पाने येत नाहीत, कारण त्याचा वाढता कोंबच फुलात खर्ची पडलेला असतो. म्हणून अशा झुबक्याची निराशेने छाटणी करण्याचा प्रघात आहे. तो चुकीचा आहे: त्याची जुनी पाने आणखी कित्येक वर्षे अन्न तयार करून कंदाला पुरवीत राहतात, आणि त्याच्याच बुडाशी बाजूचे कोंब उठतात. पुढच्या फाल्गुनात विभागणी करावयाची झाल्यास पहिला काप त्या कोंबाच्या आणि जुन्या झुबक्याच्या मधल्या कंदावर घ्यावा.